थांब कोणीही म्हणावं

हातवारेकाकांचं खरं आडनाव दुसरंच आहे, पण ते त्यांना फक्त सही करताना आठवतं. साइटवर, गल्लीत, वाण्याच्या दुकानात ते हातवारेच. लेकीच्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा हेडबाईंनी आधी तेच लिहिलं आणि मग खाडाखोड केली होती. काकांचा धंदा क्रेनला इशारे करण्याचा. उंच क्रेनच्या डोक्यावर काचेच्या केबिनीत एक माणूस बसतो. त्याला खालचं धड दिसत नाही आणि ऐकू तर काहीच येत नाही. मग लोड जिथे उतरायचा तिथे पिवळं जाकीट घालून दुसरा माणूस उभा राहतो. त्याने हात वर करून गोल फिरवला की सळयांची मोळी उचलली जाते, खाली करून फिरवला की उतरते. दोन्ही हात छातीशी जुळवले की काम संपलं. आणि दोन्ही हात डोक्यावर, तळवे समोर, म्हणजे थांब. जिथे असशील तिथे आणि जसा असशील तसा थांब.

ज्या माणसाने उभा जन्म असा काढला, तो घरी येऊन तोंडाने कशाला बोलेल? जेवताना काकांनी पंजा आडवा धरून हलवला की भाजी पुरे. हात वर करून फिरवला की आणखी वाढ. गल्लीत कोणी गाडी मागे घेताना दिसला की काका हातातला चहा टाकून धावायचे, आणि ती गाडी भिंतीला अशी बिलगून लागायची की मालकाला परत बाहेर काढायची इच्छाच होऊ नये. साइटवर त्यांना बोलायचं यंत्रही दिलेलं होतं, ते त्यांच्या कमरेला शोभेसाठी लटकत असे. बॅटरी संपली की त्याची बोलती बंद, माझ्या हातांना बॅटरी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. हेही ते हातानेच सांगत.

काकू याच्या अगदी उलट. त्यांचं तोंड सकाळी सुरू झालं की गिरणीसारखं दिवसभर चालायचं. "बापाने माझं लग्न माणसाशी लावलं म्हणे," त्या शेजारणीला सांगत, "निघाला वाहतुकीचा हवालदार!" काकांच्या इशाऱ्याला त्या मुद्दाम दाद देत नसत. तोंडाने मागा, तरच मिळेल. संसाराच्या सुरुवातीला काका या कारणाने बरेच दिवस कमी मिठाची भाजी जेवले.

पण लेक झाली आणि काकांना घरात बोलायला कोणीतरी मिळालं. बबडीला बोलता येण्याआधी इशारे येऊ लागले. एकदा काकू तिच्या तोंडात कडू औषधाचा चमचा कोंबत होत्या, तेव्हा त्या एवढ्याशा पोरीने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि तळवे समोर धरले. काका अंगणभर नाचले. "थांब म्हणाली! पोरीचा पहिला शब्द थांब!" काकूंनी तरी चमचा कोंबलाच, आणि काका त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत, म्हणजे नेहमीसारखेच राहिले.

या सगळ्यामागे एक जुनी गोष्ट होती. ती काका कधी सांगत नसत, सांगायच्या काकू, आणि ती सांगताना त्यांचाही आवाज उतरायचा. काकांना साइटवर पहिल्यांदा आणलं ते त्यांच्या थोरल्या भावाने. दोघं खाली उभे राहून लोड उतरवून घेत. एके दिवशी मोळी अर्ध्यावर असताना एक मुकादम ओरडला, उचल. दुसरा ओरडला, सोड. तेव्हाची क्रेन बुटकी, क्रेनवाला हाकेच्या अंतरावर; त्या बिचाऱ्याने दोघांचंही ऐकलं. थोरला गेला. काकांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली, त्याचं त्यांना काही नाही. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही. तिथे तेव्हा माणसंच माणसं होती. दोर निसटतोय हे सगळ्यांना दिसत होतं. उचल म्हणणारा होता, सोड म्हणणारा होता, थांब म्हणणारा एकही निघाला नाही. जो तो समजला, आपण कोण सांगणारे?

तेव्हापासून काका रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोळा करतात. दिवसभराचे शब्द ते इथेच खर्च करून टाकतात. "एका क्रेनला एकच इशारेवाला. दुसऱ्याने बोटसुद्धा हलवायचं नाही. पण थांब मात्र कोणीही म्हणावं. मालक, मजूर, चहावाला, रस्त्याने चाललेलं येडं माणूससुद्धा. आणि थांब दिसलं की आधी थांबायचं, मग विचारायचं." साइटचे सेफ्टीसाहेब हेच फलकावर रंगवून लावतात, पण फलकाकडे कोण बघतो? काका सांगताना त्यांच्या पायाकडे सगळे बघतात.

क्रेनच्या केबिनीत बसणाऱ्या तरुणाला सगळे वरचा म्हणत. त्यामुळे साइटवरची बोलणी ऐकणाऱ्याला फार भाविक वाटत. "आज स्लॅब होईल का हो?" "वरच्याच्या मनात असेल तर होईल." "अहो, वरचा आजारी आहे आज!" वरचा उंचावर वाघ होता आणि जमिनीवर पाय टेकले की शेळी. चार माणसांत नाव विचारलं तरी त्याचं त त प प व्हायचं. पण वर बसला की काकांची करंगळी हलली तरी त्याला समजे. वाऱ्याच्या दिवशी लोड आणायचा तर असा, की ट्रेमधला चहा सांडू नये. दोघांनी एकमेकांचा आवाज क्वचितच ऐकलेला, पण एकमेकांच्या भरवशावर दोघं बिनधास्त. काका एकदा घरी चक्क तोंडाने म्हणाले, "पोरगा सोनं आहे." काकूंनी हे वाक्य लगेच मनात गाठ मारून ठेवलं. नवऱ्याची वाक्यं मुळात कमी, त्यामुळे त्या एकही वाया घालवत नसत.

आता खरी गंमत. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला डबे उघडून बसले होते. काकांनी पहिला घास घेतला आणि सवयीने वर बघितलं, तर क्रेनचा हुक खाली येत होता. हुक रिकामा. कोणी सांगितलेलं नाही, तरी आपला येतोय, हळूहळू, लाजत लाजत. मग जरा वर गेला. मग पुन्हा खाली. हुक चक्क नाचत होता! काकांनी केबिनीकडे नजर लावली. वरचा खाली बघतच नव्हता, तो बघत होता रस्त्यापलीकडे.

रस्त्यापलीकडच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कवळ्या बनवायचं दुकान होतं. दातांचे डॉक्टर तिथे मापं पाठवत आणि खिडकीशी उजेडाला बसून मुली लोकांचे दात घडवत. त्यातल्या एका खिडकीत एक मुलगी उभी होती. तिच्या एका हातात कुणा आजोबांची कवळी होती आणि दुसरा हात खाली करून ती गोल गोल फिरवत होती. उतर. उतर ना. इशारा इतका सुबक होता की काकांना क्षणभर कौतुक वाटलं. वा, कोणी शिकवलं असेल हिला? मग त्यांच्या लक्षात आलं, की ती बबडी आहे, त्या दुकानात कामाला जाणारी आपलीच लेक.

त्या संध्याकाळी काका बोलले. इतकं बोलले, की शेजारचे टीव्ही बंद करून ऐकू लागले.

"माझ्या क्रेनला दुसऱ्याने इशारा केला! आणि त्याने तो ऐकला!"

"बाबा, हुक रिकामा होता," बबडी म्हणाली.

"रिकामा असो नाहीतर भरलेला!"

"अहो, पोरीचं प्रेम जमलंय," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही हुकाचं काय घेऊन बसलात?"

"प्रेमाचं मला काही नाही. प्रेम करू दे खुशाल. पण जो दुसऱ्याच्या हाताकडे बघून क्रेन हलवतो, तो माझ्या क्रेनवर नको. आणि जावई तर नकोच नको!"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पोरगा सोनं आहे?" काकूंनी गाठ सोडली.

काकांनी हात खाली करून फिरवला, म्हणजे विषय खाली ठेव.

"तो हात आवरा आधी. मी काय सळयांची मोळी आहे?"

बबडी बापाचीच लेक. ती रडली नाही, ओरडली नाही. "लग्न करेन तर त्याच्याशीच," ती म्हणाली, "आणि तेही तुम्ही हो म्हणाल तेव्हा. नाही म्हणालात तर जन्मभर दुसऱ्यांचे दात घडवत बसेन." एवढं बोलून ती झोपायला गेली. काका बराच वेळ रिकाम्या ताटाकडे बघत बसले. लेकीने बंड केलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. तिने सगळा भार त्यांच्याच हुकाला अडकवून ठेवला होता.

पण काका हटले नाहीत. त्यांनी मुकादमाला सांगून वरच्याला साइटच्या दुसऱ्या टोकाच्या क्रेनवर पाठवलं आणि आपल्या क्रेनवर नवा माणूस घेतला. त्याचं नाव पहिल्याच दिवशी बुलेट पडलं. मुकादमाने त्याला डोक्यावर घेतलं, कारण तो झपाट्याने कामं उरकायचा. काकांचा हात वर जायच्या आत लोड वर गेलेला असे. काका तरी इमानाने हात हलवत राहत. त्यांना वाटे, आपण इशारे करत नाही, नुसता टाटा करतोय. तक्रार करावी तर कोणत्या तोंडाने? सोन्यासारखा माणूस त्यांनीच हाकलला होता. घरी ते पुन्हा गप्प झाले, आणि या वेळी हातसुद्धा गप्प होते. भाजी पुरे की आणखी हवी, हेही सांगेनात. काकूंना पहिल्यांदा त्या हातांची आठवण आली.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. काका स्लॅबवर उभे होते, शटरिंगच्या लोखंडी प्लेटा उतरवून घ्यायला. स्लॅबची उंची आता समोरच्या कवळ्यांच्या दुकानाला भिडली होती. मागच्या बाजूला लिफ्टसाठी सोडलेला चौकोनी खड्डा थेट तळापर्यंत गेलेला. त्यावर रोज जाड फळी असे. त्या सकाळी सुतारांना फळी कमी पडली म्हणून त्यांनी ती उचलून नेली, आणि 'आत्ता आणून टाकतो' म्हणाले. सुताराचं आत्ता म्हणजे काय, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही.

प्लेटा आल्या त्या वाऱ्यावर हेलकावे खात, आणि बुलेटच्या वेगाने. काकांनी हळूचा इशारा केला. प्लेटा तशाच. त्यांनी पुन्हा केला आणि एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. इशारेवाल्याची नजर लोडवरून हलत नाही. ही त्याची शान, आणि कधीकधी हेच त्याचं मरण. काका हात हलवत, मनात बुलेटच्या सात पिढ्या उद्धरत, मागे मागे सरकत होते, आणि खड्डा त्यांची वाट बघत होता.

समोरच्या खिडकीत बबडीने कवळीवरून मान वर केली. हाक मारून उपयोग नव्हता, मधे रस्ता आणि वारा. ती ताडकन उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. बुलेटचं लक्ष नव्हतं. काकांची तर पाठ तिच्याकडे होती. पण दुसऱ्या टोकाच्या क्रेनवर वरचा बसला होता. त्याचा हुक रिकामा होता, खाली माल बांधणं चाललं होतं, आणि अशा फावल्या वेळात तो कुठे बघत असेल? जिकडे बघू नये म्हणून त्याला इतक्या लांब धाडलं होतं, बरोबर तिकडेच. त्याला तिथून ना काका दिसत होते, ना खड्डा. दिसले ते फक्त दोन हात, वर, तळवे समोर. त्याने भोंग्याचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

तो भोंगा असा काही कोकलला, की रस्त्यावरची वाहनं थांबली, चहावाल्याच्या हातून किटली सुटली आणि बुलेटने दचकून क्रेनचा दांडा सोडला, तशी क्रेन जागीच थांबली. प्लेटा हवेत तशाच लटकल्या. अख्खी साइट जागच्या जागी थिजली. आणि काका? काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा लोड हवेत असताना भोंगा वाजवणारा हा कोण टिकोजीराव? त्याला हाताने चांगलं झापावं म्हणून त्यांनी जागीच थांबून मान गर्रकन मागे वळवली. आणि त्यांना दिसलं, की आपल्या डाव्या पायाच्या टाचेखाली काहीच नाही.

काका पुढे सरकले आणि मटकन खाली बसले. असा इशारा त्यांच्या इशाऱ्यांत नव्हता.

थोड्या वेळाने हेल्मेट, जाकीट, धूळ यांसकट ते कवळ्यांच्या दुकानाचे जिने चढले. मुलींना वाटलं, दाढ दुखतेय म्हणून कोणी आलंय. बबडी खिडकीशी उभी होती आणि तिचे हात अजूनही वरच होते. धोका टळला असं इशारेवाल्याने सांगेपर्यंत थांबचे हात खाली घ्यायचे नाहीत, हे बापानेच शिकवलेलं.

"घे खाली," काका म्हणाले.

तिने हात खाली घेतले.

"इशारा चुकला तुझा. तळवे मोकळे हवेत. तुझ्या हातात कवळी होती." आणि एवढं बोलून काकांना रडू फुटलं. ते त्यांनी लपवलं नाही. बबडी बापाच्या गळ्यात पडली. कवळी दोघांच्या मधे चेंगरली, आणि त्या आजोबांना पुढे आठवडाभर पातळ जेवणावर राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी साइटवरच्या प्रत्येक खड्ड्यावर फळी ठोकून बसवली गेली, तीही अशी की सुताराला स्वतःला उचकटता येऊ नये. बुलेटला काही दिवस खाली उतरवून इशारे करायला लावले. वरचा माणूस आपल्याकडे बघत नाही म्हणजे काय होतं, हे त्याला तिथे उभं राहून नीट कळलं. आणि रविवारी वरचा काकांच्या घरी आला. जमिनीवरच काय, तळमजल्याच्या खोलीत! खुर्चीच्या अगदी काठावर टेकला होता आणि घामाने भिजला होता.

"नाव काय तुझं, बाळा?" काकूंनी प्रेमाने विचारलं.

"त... त..."

"थांब," काका म्हणाले. त्यांनी खुर्ची वरच्याच्या समोर ओढली. "लोड असताना कधी खिडकीकडे बघितलंस?"

वरच्याने अख्खं अंग हलवून नाही म्हटलं. मग एकदम त्याच्या तोंडून शब्द आले. "लोड असला की मला तुमच्याशिवाय कोणीच दिसत नाही, काका."

"अगंबाई," काकू बबडीच्या कानाशी पुटपुटल्या, "असं तुला तरी म्हणाला होता का कधी?"

"मी खड्ड्याशी आहे, हे दिसलं तुला?"

"नाही."

"मग भोंगा का वाजवलास?"

"हिने हात वर केले."

"का केले, ते कळलं होतं?"

"नाही. आधी थांबायचं," वरचा म्हणाला, "मग विचारायचं."

रोज सकाळी काका शेकडो कानांत हे वाक्य ओतत होते, आणि ते कुठे पोचतं की वाऱ्यावर जातं, याचा त्यांना कधी पत्ता लागला नव्हता.

"हुक नाचवलास, ती चूक."

"हो."

"परत?"

"परत नाही."

"अहो, मुलगा बघताय की हुक तपासताय?" काकूंचा धीर सुटला. "काय ते सांगून टाका एकदाचं!"

काकांनी वरच्याकडे बघितलं. मग दोन्ही हात उचलले आणि छातीशी जुळवले. वरच्याचा चेहरा असा फुलला की बोलायची सोय राहिली नाही. बबडी हसत होती आणि डोळे पुसत होती.

"म्हणजे काय?" काकू ओरडल्या. "हो की नाही? अहो, तोंडाने सांगा! मला कोणी सांगेल का?"

"आई," बबडी म्हणाली, "काम झालं."

लग्न साधंच झालं, एका लहानशा हॉलमध्ये. अर्धी साइट आली होती, सेफ्टीसाहेब आले होते, सुतार जरा मागे मागे उभे होते, कवळ्यांच्या दुकानातल्या मुली होत्या, आणि बुलेट तर वाढायला होता. त्याला सारखं कोणीतरी हळूचा इशारा करत होतं. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. माणसं फार आणि फोटोत मावेनात. फोटोग्राफर डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकला. आणखी मागे. "मधे या, जवळ या," म्हणत आणखी मागे. त्याच्या मागे हॉलच्या उंच पायऱ्या होत्या.

कोणी कोणाला सांगितलं नाही. फोटोग्राफर दचकून थांबला आणि दचकताना त्याचं बोट बटणावर पडलं.

तो फोटो आता काकांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. नवरा, नवरी, मजूर, साहेब, सुतार, मुली, झाडून सगळ्यांचे दोन्ही हात डोक्यावर आणि तळवे समोर. बुलेटच्या एका हातात पळी आहे, पण हात वर आहेत. आणि सगळ्यांत उंच हात आहेत काकूंचे, ज्यांनी आयुष्यात नवऱ्याच्या एकाही इशाऱ्याला दाद दिली नव्हती. नवा पाहुणा आला की विचारतोच, "हे काय? लग्नात दरोडा पडला होता की काय?" मग काकू ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात आणि पाहुण्याचा चहा गार होतो. पहिले हात कोणाचे वर गेले, यावर घरात अजून भांडण आहे. काकू म्हणतात माझेच.

एकदा असाच एक पाहुणा गेल्यावर काका फोटोसमोर उभे राहिले आणि प्रत्येक चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिले. काकू कप उचलत होत्या.

"एवढे सगळे," काका तोंडाने म्हणाले. "दादाच्या वेळी यातला एक असता तरी पुरला असता."

काकू कप खाली ठेवून त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.